११, ४, २: एप्रिल २०१७चा हरिकेन-अंदाज आणि टोर्टोलाला ठेवलेली नौका

६ एप्रिल २०१७ रोजी कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीने अटलांटिकच्या येत्या हंगामाचा पहिला अंदाज जाहीर केला. नाव मिळण्याइतकी मोठी वादळं ११, त्यांपैकी हरिकेन ४, आणि त्यांतही (वाऱ्याच्या वेगानुसार १ ते ५ अशा मोजपट्टीवर) श्रेणी ३ किंवा त्यावरची तीव्र हरिकेन २. तेव्हा धरली जाणारी सरासरी साधारण १२, ६ आणि ३ अशी होती. म्हणजे हंगाम थोडा नरम जाणार, असा सूर होता.

नेमक्या याच दिवसांत कॅरिबियनमध्ये हिवाळाभर शिडाच्या नौका फिरवणारे मालक दरवर्षीचा हिशोब करत असतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अधिकृत हरिकेन हंगाम. तेवढे सहा महिने नौका ठेवायची कुठे? आपण एक मालक डोळ्यांसमोर धरू. ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या टोर्टोलाला त्याची बेचाळीस फुटी नौका आहे. उन्हाळ्यात तो आपल्या देशी परत जातो आणि नोव्हेंबरात पुन्हा येतो. त्याच्यासमोर तीन वाटा आहेत. उत्तरेला अमेरिकेच्या चेसापीक उपसागरापर्यंत जायचं, म्हणजे सुमारे तेराशे सागरी मैल खुल्या समुद्रातून. दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदादला जायचं. ग्रेनाडा साधारण ४२० मैलांवर. किंवा नौका आहे तिथेच ठेवायची: यार्डात जमिनीवर उचलून, नाहीतर एखाद्या कांदळवनाच्या खाडीत चहूबाजूंनी दोरखंड बांधून.

पहिल्या दोन वाटांना पैसा, वेळ आणि माणसं लागतात. तिसरी सोपी आहे. अशा वेळी हाती ‘११, ४, २’ पडलं की मनाचा कल कुठे जाईल हे सांगायला नको. हंगाम नरम आहे, मग यंदा राहू दे इथेच.

हा अंदाज निघाला कुठून ते आधी पाहू, कारण तो टाकाऊ नव्हता. विल्यम ग्रे यांनी १९८४ साली याच विद्यापीठातून अटलांटिकचे हंगामी अंदाज द्यायला सुरुवात केली. त्यांच्या कामाचा कणा होता एल निनो. प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय पट्टा तापला की कॅरिबियनवर वरच्या थरातले पश्चिमी वारे जोर धरतात. खालचे व्यापारी वारे पूर्वेकडून येत असतात. वर एक दिशा, खाली दुसरी, अशी ओढाताण झाली की उभं राहू पाहणारं वादळ फाटतं. त्यामुळे एल निनोच्या वर्षी अटलांटिकमध्ये हरिकेन कमी. ला निनाच्या, म्हणजे तोच पट्टा थंड पडतो त्या वर्षी ही ओढाताण सैल पडते आणि वादळं फोफावतात. याच्या जोडीला उष्णकटिबंधीय अटलांटिकच्या पाण्याचं तापमान, हवेचा दाब आणि पश्चिम आफ्रिकेतली परिस्थिती. भौतिकशास्त्र पक्कं आहे, आणि गेल्या चार दशकांत ते पुष्कळदा कामाला आलं आहे.

घोळ एप्रिलचा आहे. वसंतात एल निनोचा स्वभाव ओळखणं सर्वांत अवघड असतं. मार्च-एप्रिलमध्ये प्रशांत महासागर कुठे वळेल हे मॉडेलांना नीट कळत नाही आणि जून उलटल्यावर चित्र स्पष्ट होऊ लागतं. आपल्या हवामान खात्याचा एप्रिलमधला मान्सूनचा अंदाजही याच अडचणीतून वाट काढत असतो. ग्रे आणि त्यांचे सहकारी फिलिप क्लोट्झबाख तर आधी डिसेंबरमध्येच पुढच्या हंगामाचे आकडे देत. २०११ साली त्यांनी वीस वर्षांचे आपलेच अंदाज तपासले, डिसेंबरच्या आकड्यांना प्रत्यक्षात काही कौशल्य (म्हणजे नुसत्या सरासरीपेक्षा सरस ठरण्याची ताकद) दिसत नाही असं उघडपणे लिहिलं आणि ते आकडे देणं थांबवलं. शास्त्रज्ञांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर आहे. एप्रिलचा अंदाज त्यांनी चालू ठेवला, पण त्याचं कौशल्य मर्यादित आहे हे ते दरवर्षी त्याच कागदात लिहितात. ती ओळ वाचली जात नाही, आकडा वाचला जातो.

२०१७च्या एप्रिलमध्ये एल निनो येणार असं वाटत होतं. तो आला नाही. उलट अटलांटिकचं पाणी तापत गेलं. १ जूनला विद्यापीठाने आकडे वाढवून १४, ६, २ केले. जुलैच्या सुरुवातीला १५, ८, ३. ४ ऑगस्टला १६, ८, ३. अमेरिकी सरकारच्या नोआ या संस्थेने मे महिन्यात ११ ते १७ वादळं, ५ ते ९ हरिकेन आणि २ ते ४ तीव्र हरिकेन असा पट्टा दिला होता. ऑगस्टमध्ये तो १४ ते १९, ५ ते ९ आणि २ ते ५ झाला. हंगाम संपला तेव्हा खरी बेरीज होती १७ वादळं, १० हरिकेन, ६ तीव्र. फ्रँकलिनपासून ओफेलियापर्यंत सलग दहा वादळं हरिकेन झाली.

आता निकाल काय द्यायचा? एप्रिलचा अंदाज सपशेल चुकला: चारच्या जागी दहा, दोनच्या जागी सहा. ऑगस्टचा बराच जवळ आला. वादळांची संख्या नोआच्या पट्ट्यात बसली, हरिकेन आणि तीव्र हरिकेनची त्याच्या वर गेली. नोआ असा प्रत्येक पट्टा ७० टक्के शक्यतेने देते, म्हणजे दहातल्या तीन वेळा उत्तर पट्ट्याबाहेर जाणं हे त्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. शास्त्राच्या फूटपट्टीने मोजलं तर यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या मालकाच्या फूटपट्टीने मोजलं तर अडचण उघड आहे: त्याने निर्णय मे महिन्यात घ्यायचा, आणि भरवशाचा आकडा ऑगस्टमध्ये यायचा. ऑगस्टमध्ये ग्रेनाडाचे यार्ड भरलेले असतात. नौका शिडं उतरवून, बॅटऱ्या काढून, ठोकळ्यांवर उभी असते. मालक दुसऱ्या खंडात असतो.

त्या सप्टेंबरात इर्मा हे हरिकेन टोर्टोलावर आलं. तरीही ‘अंदाज चुकला म्हणून नौका गेली’ एवढ्यावर हे प्रकरण मिटवणं मला पटत नाही. समजा, एप्रिलमध्ये कुणी देवदूत येऊन मालकाला सांगून गेला असता की यंदा नक्की दहा हरिकेन होणार. त्याने काय केलं असतं?

थोडं गणित करू. हिशोबापुरतं धरा की एखाद्या खाडीला नौका मोडून टाकणारं हरिकेन सरासरी वीस वर्षांतून एकदा भेटतं. म्हणजे कुठल्याही वर्षी धोका ५ टक्के. सहाच्या जागी चार हरिकेन होणार असतील आणि खाडीचा धोका त्याच प्रमाणात घटतो असं मानलं, तर तो सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतो. दहा होणार असतील तर सव्वाआठ टक्क्यांच्या पुढे जातो. अगदी अचूक, शंभर टक्के खरा ठरलेला हंगामी अंदाजही त्या एका खाडीपुरता एवढंच बोलतो: बारापैकी अकरा वेळा यंदाही काही होणार नाही. आणि नरम हंगामाचा अंदाज म्हणतो: तीसपैकी एकदा सगळं जाईल. जो माणूस सव्वाआठ टक्के ऐकून नौका हलवेल, त्याने पाच टक्क्यांनाही हलवायला हवी, कारण पणाला लागलेली वस्तू तीच आहे. त्यातून एप्रिलचा अंदाज कच्चा असल्यामुळे त्याचा सव्वातीन टक्के हा आकडाही जसाच्या तसा घेता येत नाही, तो पुन्हा सरासरीकडे ओढावा लागतो. ओढून कुठे येतो? जवळपास पाचवरच.

या गणितातही मी हंगामी अंदाजाला झुकतं माप दिलं आहे. महासागरभर वादळं वाढली की प्रत्येक खाडीचा धोका त्याच प्रमाणात वाढतो, हे गृहीतक फार उदार आहे. वादळ जन्मल्यावर कुठे जाईल हे अटलांटिकवरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यावर अवलंबून असतं, आणि तो सप्टेंबरच्या एखाद्या आठवड्यात कुठे बसेल हे एप्रिलमध्ये कुणालाही सांगता येत नाही. २०१०मध्ये १९ वादळं आणि १२ हरिकेन झाली, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन चढलं नाही. १९९२मध्ये हंगाम इतका थंड होता की पहिल्या वादळाला नाव मिळेपर्यंत ऑगस्टचा मध्य उलटला. त्या वर्षीचा ग्रे यांचा कमी वादळांचा अंदाज बरोबर होता. त्या पहिल्या वादळाचं नाव होतं अँड्र्यू, आणि २४ ऑगस्टला दक्षिण फ्लोरिडावर ते श्रेणी ५ म्हणून आदळलं. २०१३मध्ये उलटं झालं: विद्यापीठाने १८, ९, ४ सांगितले आणि झाली फक्त दोन हरिकेन, तीव्र एकही नाही. ज्यांनी त्या वर्षी घाबरून नौका दक्षिणेला नेल्या त्यांचं काहीच बिघडलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

आता २०१७च्या इर्माच्या आठवड्याकडे येऊ. भरवशाचा अंदाज कुठला आणि तो किती उशिरा मिळतो हे तिथे दिसतं.

३० ऑगस्टला केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला इर्मा जन्मलं. दोन दिवसांत ते तीव्र हरिकेन झालं. बेटांपासून ते अजून फार दूर होतं. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर पाच दिवसांपर्यंतचा मार्ग देतं. पाचव्या दिवसाच्या जागेत त्या काळात सरासरी २०० सागरी मैलांच्या आसपास चूक होत असे, आणि एका दिवसाच्या अंदाजात चाळीसहून कमी. टोर्टोला ते अँटिग्वा अंतर सुमारे १८० मैल आहे. म्हणजे पाच दिवस आधी केंद्र जे सांगू शकत होतं ते ‘लीवर्ड बेटांच्या उत्तर भागात कुठेतरी, किंवा थोडं वरून’ एवढंच. ३ सप्टेंबरला अँटिग्वा, बार्बुडा, अँग्विला, सेंट मार्टिन अशा बेटांसाठी हरिकेन वॉच, म्हणजे हरिकेन येऊ शकतं असा इशारा, लागला. व्हर्जिन बेटांसाठी तो ४ तारखेला आला. ५ तारखेला इर्मा श्रेणी ५ झालं. ६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर ते बार्बुडावरून गेलं, पहाटेनंतर सेंट मार्टिनवरून, आणि दुपारच्या सुमारास टोर्टोलाशेजारच्या व्हर्जिन गोर्डावरून. कायम वाऱ्याचा वेग १५५ नॉट, म्हणजे ताशी २८५ किलोमीटरच्या वर.

आपला मालक १ सप्टेंबरला जागा झाला असं धरू. ग्रेनाडा ४२० मैल, नौकेचा वेग सहा नॉट. म्हणजे सत्तर तास, तीन दिवसांच्या जवळ. कागदावर वेळ आहे. पण नौका यार्डात ठोकळ्यांवर आहे. ती पाण्यात सोडायला क्रेन लागते आणि क्रेनच्या रांगेत बाकीचेही उभे आहेत. शिडं चढवायची, इंजिन तपासायचं, डिझेल-पाणी भरायचं, दोन माणसं शोधायची, विमान पकडून मुळात टोर्टोलाला पोहोचायचं. २ तारखेला सुटला नाही, तर ३ला निघून वादळाच्या पुढ्यात आडवं जाण्यापेक्षा बंदरात बांधून ठेवणं शहाणपणाचं ठरतं. खलाशांसाठी हरिकेन सेंटरचा एक ठोकताळा आहे, एक-दोन-तीनचा नियम: वादळी वाऱ्याचा जो घेर अंदाजात दाखवला आहे त्यात पहिल्या दिवसासाठी १०० मैल मिळवा, दुसऱ्यासाठी २००, तिसऱ्यासाठी ३००, आणि त्या सगळ्या पट्ट्याबाहेर राहा. हा नियम लावून पाहिला की पळण्याची खिडकी किती लवकर बंद होते ते नकाशावरच दिसतं.

मग जे उरतं ते ‘हरिकेन होल’. टोर्टोलाच्या दक्षिण किनाऱ्यावर पॅराक्विटा बे नावाची जवळजवळ बंदिस्त खाडी आहे. कडेने कांदळवन, लाट आत येत नाही. भाड्याने नौका देणाऱ्या कंपन्यांची वादळातली हीच जागा, त्यासाठी तिथे पक्की दोरखंडाची व्यवस्था केलेली. नौकांच्या रांगाच्या रांगा शेजारी-शेजारी बांधल्या गेल्या. इर्मा गेल्यावर वरून घेतलेल्या छायाचित्रांत त्या रांगा एका काठावर एकावर एक रचल्यासारख्या पडलेल्या दिसतात; डोलकाठ्या मोडून आडव्या, काही नौका पालथ्या. लाट आलीच नव्हती. वाऱ्याने एक नौका सुटली की ती शेजारच्या नौकेवर जाते, मग ती दोघींच्या वजनाने तिसरीवर. श्रेणी १च्या वादळात जी खाडी उत्तम निवारा आहे, ती श्रेणी ५मध्ये तशी राहत नाही. पुढे १८ सप्टेंबरला मारिया डॉमिनिकावर आणि २० तारखेला पोर्तो रिकोवर आलं, तेही तीव्र. इर्मा उत्तरेकडून निघून गेल्यामुळे पोर्तो रिकोतले नौकावाले सुटलो म्हणत होते, त्यांची ती सुटका दोनच आठवड्यांची ठरली.

दक्षिणेला गेलेल्यांच्या नौका २०१७मध्ये सुरक्षित राहिल्या. म्हणून दक्षिण म्हणजे हमी, असं मात्र कुणी समजू नये. २००४पर्यंत ग्रेनाडा जवळपास निर्धोक समजलं जायचं. तिथलं आधीचं मोठं हरिकेन, जॅनेट, १९५५चं. ७ सप्टेंबर २००४ला इव्हान श्रेणी ३चं वादळ म्हणून तिथून गेलं. बेटावरच्या सुमारे ९० टक्के इमारतींचं नुकसान झालं आणि आसऱ्याला आलेल्या असंख्य नौका यार्डातच कोसळल्या. ज्यांच्या दक्षिणेला नौका ठेवली तर वादळाची भरपाई मिळते, त्या आपल्या अक्षांशाच्या रेषा विमा कंपन्यांना पुन्हा तपासाव्या लागल्या.

दुसरं उदाहरण २०२४चं, आणि या प्रकरणासाठी ते सर्वांत बोलकं आहे, कारण त्या वर्षी अंदाज उत्तम होता. कोलोराडोने एप्रिलमध्ये २३ वादळं, ११ हरिकेन, ५ तीव्र असे आकडे दिले. प्रत्यक्षात झाली १८, ११, ५. हरिकेनच्या बाबतीत याहून अचूक काय असणार? पण २८ जूनला बेरिल जन्मलं आणि १ जुलैला श्रेणी ४चं वादळ म्हणून ग्रेनाडाच्या उत्तरेकडच्या कॅरियाकू या छोट्या बेटावर आदळलं. जून-जुलैच्या सांध्यावर एवढं तीव्र वादळ या समुद्रात आधी नोंदलंच गेलं नव्हतं. कॅरियाकूच्या टिरेल बेमध्ये कांदळवनात शिरून बसलेल्या नौकाही वाचल्या नाहीत. ‘हंगाम जोरदार’ हे सगळ्यांना एप्रिलपासून ठाऊक होतं. ‘कॅरियाकू, १ जुलै’ हे कुणालाच नव्हतं. आणि पुढे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, एरवी ऐन भराच्या काळात, अटलांटिकमध्ये नवं नाव घेतलेलं एकही वादळ नव्हतं.

२०१७चा अंदाज वाईट, २०२४चा चांगला. दोन्ही वर्षी एका नौकेच्या मालकाला त्यातून मिळालं ते सारखंच, जवळपास काही नाही. हंगामी अंदाज कुणासाठीच नसतो असं मी म्हणत नाही. पुनर्विमा कंपनीची जोखीम अख्ख्या महासागरभर पसरलेली असते, मदत संस्थेला ताडपत्र्या आणि जनरेटर कुठल्या वर्षी जास्त साठवायचे ते ठरवायचं असतं. त्यांना बेरजेचा अंदाज खरोखर उपयोगी पडतो. एका नांगरावर उभ्या असलेल्या माणसाची जोखीम बेरजेत मावत नाही.

मग मे महिन्यात त्याने कशावर ठरवायचं? कॅलेंडर आणि नकाशा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या लोटतात. यंदाचा मान्सून सरासरीच्या किती टक्के सांगितला आहे हे पाहून कुणी होडी ओढण्याची तारीख ठरवत नाही. पावसाळ्यातला समुद्र कसा असतो हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, तारीख त्यावरून ठरते. कॅरिबियनच्या नौकाविम्यात अमुक तारखेनंतर अमुक अक्षांशाच्या आत नौका राहिली तर वादळाची भरपाई नाही, अशी अट असते. तीही याच प्रकारची आहे. ती एल निनो बघून बदलत नाही.

आपल्या मालकाला मी पुढचं सांगितलं असतं. एप्रिलचा आकडा वाचा, आवडीने वाचा, पण तो वाचण्याआधी यार्डाची जागा पक्की करा. दक्षिणेला जायचं असेल तर मे संपायच्या आत निघा, जूनवर ढकलू नका. बेरिलनंतर तर नाहीच. यार्डात नौका ठेवताना ती जमिनीत पक्क्या रोवलेल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधली जाते का, डोलकाठी उतरवता येते का, शेजारची नौका कोसळली तर काय होईल हे प्रत्यक्ष उभं राहून पाहा. जिथे नौका आहे तिथे तुमच्या वतीने निर्णय घेऊ शकेल असा एक माणूस नेमा आणि काय झाल्यावर त्याने काय करायचं ते लेखी द्या. ऑगस्टपासून पुढे हंगामी आकडे सोडून द्या आणि हरिकेन सेंटरचं रोजचं पान उघडत जा. त्यात ठिकाणानुसार वाऱ्याच्या शक्यतेचा तक्ता असतो: अमुक बेटावर पुढच्या पाच दिवसांत ३४, ५० आणि ६४ नॉटचा वारा लागण्याची शक्यता किती टक्के. आपल्या खाडीबद्दल नेमकं बोलणारी आकडेवारी ती आहे. वॉच लागायची वाट न पाहता, ३४ नॉटचा आकडा दोन पत्रकांमध्ये चढता दिसला की तुमच्या माणसाला फोन करा, कारण वॉच हा वादळी वारे पोहोचण्याच्या ४८ तास आधीच लागतो आणि त्या वेळी क्रेनची रांग लागलेली असते.